फणीत ठेवलेली टोकं

दुष्काळाचं साल होतं. लोकांनी लग्नंच पुढे ढकलली, मग पैठणी नेसणार कोण आणि विणायची कोणासाठी? येवल्याच्या सगुणाबाईंचे माग बंद पडले. तरी त्यांचे विणकर रोज येऊन बसत आणि बाई आपल्या कोठीतल्या ज्वारीची भाकरी त्यांच्यासोबत वाटून खात. कोठीचा तळ दिसू लागला होता.

बाईंचा सगळा माल घेणारे माणकशेठ एक दिवस आले. बसलेली माणसं बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, ही काय धर्मशाळा आहे? यांना घरी पाठवा. सुगी आली की बोलावू. जमत नसेल तर मी माल दुसरीकडून घेईन."

विणकरांनी माना खाली घातल्या. सगुणाबाई कात्री घेऊन पहिल्या मागापाशी गेल्या. आधी विणून उतरवलेल्या साडीच्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागाच्या फणीत तशीच ओवलेली लोंबत होती.

"मग हीही कापून टाकते. रिकामीच तर आहेत."

शेठ धावलेच. "अहो, थांबा. नवा ताणा त्यांनाच सांधायचा ना? कापलीत तर हजारो धागे एकेक करून पुन्हा ओवावे लागतील. सुगी त्यातच निघून जाईल."

"धागे मी पुन्हा ओवीन, शेठ," बाई हळूच म्हणाल्या. "पण ही माणसं पोटामागे देशोधडीला लागली, तर तुमची सुगी मी कोणाशी सांधू?"

शेठनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली, मागावर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दारात ज्वारीची बैलगाडी उभी होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर सगुणाबाईंनी कितीतरी दिवसांनी स्वतःच्या ताटात दुसरी भाकरी घेतली.