कुवलया आणि वादळाचे जन्मस्थान

एका राज्यात घरांना छपरे टिकत नसत. समुद्रकाठचे ते राज्य राजा हेमांगदाचे. दर शरदात दक्षिणेकडून वादळ येई, माड उपटी, होड्या गिळी आणि निघून जाई. ते उठते कोठून, कोणासच ठाऊक नव्हते.

त्या वर्षी राजपुत्र सुबाहू चाळीस गलबते घेऊन परतीच्या वाटेवर होता आणि दक्षिणेचे आभाळ तांबूस होऊ लागले होते. राजा आजारी होता. त्याची थोरली कन्या कुवलया सुकाणू धरण्यात तरबेज. ती बंदरावर उभी होती, जीव टांगणीला लागलेला. तोच समुद्रपक्षीण कुररी तिच्या पडावाच्या डोलकाठीवर येऊन बसली आणि मनुष्यवाणीने बोलली.

"राजकन्ये, भावाची वाट पाहतेस?"

"होय. आधी तो पोहोचेल की वादळ, एवढेच कळत नाही."

"वादळ अजून जन्मायचे आहे. तुझ्या पणजोबांनी जादूगार कालदंष्ट्राचा अग्निमणी चोरला आणि पकडले जाऊ या भयाने समुद्रात टाकला. मणी पडला तेथून दरवर्षी वादळ उठेल, असा त्याने शाप दिला. तीन कामे कर. ऊन पाणी शोध. ढगांच्या भिंतीपार जा. मणी स्वहस्ते उचलून धन्याला परत दे."

कुवलयेने त्याच क्षणी शीड चढवले.

रोज ती पाण्यात हात बुडवी. पाणी गारच लागे. सातव्या दिवशी ते न्हाणीतल्या पाण्यासारखे ऊन लागले. "आणखी दक्षिणेला जाऊ?" तिने विचारले.

"नको," कुररी म्हणाली. "पृथ्वीच्या ऐन कंबरेशी, विषुववृत्तावर, वाऱ्याला वळण मिळत नाही. वादळाचे जन्मस्थान हेच."

आणि कुवलयेच्या डोळ्यांदेखत ते जन्मले. ऊन पाण्याची वाफ वर चढली, वर जाऊन तिचे ढग झाले. खाली रितेपण उरले. ते भरून काढायला चहूकडून वारे धावले. पण पृथ्वी फिरती, म्हणून सरळ न येता वळत वळत आले. पाहता पाहता सारे आभाळ गरगरू लागले.

समोर काळ्या ढगांची भिंत उभी राहिली. कुवलयेने भिंतीकडे पडावाचे तोंड वळवले, तशी डोलकाठी मोडली.

"वाऱ्याशी भांडू नकोस!" कुररी ओरडली.

कुवलयेने शीड कापून टाकले, पक्षिणीला पदराखाली घेतले आणि पडाव वाऱ्याच्या वळणावर सोडला. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा. हात सोलले, पण सुकाणू सुटले नाही. एकाएकी सारे शांत झाले. डोक्यावर निळे आभाळ, सभोवती ढगांचा गोल कोट, आणि मधोमध पाण्यावर एक जख्ख म्हातारा उभा.

"कालदंष्ट्र?" कुवलयेने विचारले.

"तोच. शाप मी दिला आणि त्यात मीच अडकलो. मणी मिळेतो मला येथून हलता येत नाही."

कुररीला पडावावर ठेवून कुवलयेने बुडी मारली. तळाशी मणी निखाऱ्यासारखा लाल होता. तळवे भाजले, तरी मुठी आवळून ती वर आली.

"हा माझ्या पणजोबांनी चोरला," ती म्हणाली. "चूक आमच्या घराची. मी परत करते."

म्हाताऱ्याने मणी घेतला. त्याने तो छातीशी धरला.

"पोरी, शंभर वर्षे उभा आहे मी. आता घरी जातो."

तो दिसेनासा झाला. पाणी गार पडले. वाफ तुटली, तशी ढगांची भिंत विरली आणि साधा, सरळ पाऊस पडू लागला. भाजलेले तळवे त्या पावसात धरून कुवलया कितीतरी वेळ रडली. ते रडणे सुटकेचे होते.

तिसऱ्या दिवशी चाळीस शिडे दिसली. सुबाहूने तिला आपल्या गलबतावर ओढून घेतले.

"ताई, तू? एवढ्या दूर?"

"सगळे जण आहेत ना रे?"

"सगळे आहेत."

"मग मला झोपू दे," कुवलया म्हणाली, आणि दोरखंडांच्या ढिगावर डोके टेकताच तिला गाढ झोप लागली. बंदर येईपर्यंत तिला कोणी उठवले नाही.