पारख्याचा काळा दगड

डोंगराच्या पायथ्याशी बाजाराचं एक गाव होतं. त्या गावात एक म्हातारा पारखी राहत असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस त्याच्या दाराची कडी कुणी वाजवत नसे. सातव्या दिवशी, बाजाराला, तो लिंबाखालच्या काळ्या दगडापाशी जाऊन बसे, आणि मग माणसं येत.

चांदीचा रुपया खरा की खोटा, हे तो आवाजावरून सांगायचा. रुपया दगडावर तीनदा टाकायचा. खणखणीत वाजला तर मालकाच्या हातात परत. बद्द वाजला तर छिन्नीनं तिथंच दोन तुकडे, म्हणजे तो पुन्हा कुणाला फसवणार नाही. गावाची तशी रीतच होती. पारख्याचा शब्द कुणी मोडत नसे.

पुढे म्हाताऱ्याचे कान गेले. आधी पारव्यांचं घुमणं ऐकू येईना, मग शेजारचं जातं. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखून घेई. बाजारात तसेही सगळे ओरडूनच बोलतात. पण एके दिवशी रुपया दगडावर पडला आणि तोही मुका झाला.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दगडापाशी कोण येणार? तो रुपया टाकायचा आणि हळूच मालकाच्या चेहऱ्याकडे बघायचा. खोटं नाणं आणणारा नजर चुकवतो, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यावर निभत होतं.

एका बाजारी डोंगरावरची एक म्हातारी आली. तीही एकटीच राहणारी. तिला दुधाची शेळी घ्यायची होती. शेळीवाल्यानं तिचा काळवंडलेला रुपया उलटापालटा करून पाहिला.

"आजी, हा चुलीत भाजलास की काय? आधी पारख्याला दाखव."

म्हातारी दगडापाशी आली. "दादा, मी सासरी निघाले तेव्हा भावानं हातावर ठेवला होता. भाऊ आता नाही. माझ्यापाशी एवढाच आहे."

पारख्यानं रुपया टाकला. एकदा, दोनदा, तीनदा. बाजाराच्या गलक्यात दुसऱ्या कुणाचा कान तिकडे नव्हता. त्यानं म्हातारीकडे पाहिलं. तिची नजर खाली होती, ओठ थरथरत होते.

त्यानं छिन्नी लावली आणि घाव घातला.

तुकडे उचलून त्यानं आत पाहिलं. खोट्या रुपयाच्या पोटात तांबं असतं. हा आतूनही पांढराशुभ्र होता. बिचारीची नजर भीतीनं खाली गेली होती.

त्यानं मूठ मिटली. कुणी पाहिलं नव्हतं.

शेळी घेऊन मागोमाग आलेला शेळीवाला हसला. "चांगलं गंडवलं की गं तुला भावानं!"

म्हातारी रडली नाही. एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं उशाशी ठेवला होता. तो मला खोटं देईल असं वाटलं नव्हतं."

आणि ती वळली.

पारखी मुठीकडे बघत राहिला. मूठ उघडली तर हा दगड सुटणार, माणसं सुटणार. नाही उघडली तर या बाईचा भाऊ सुटणार. आणि तो बिचारा गेलेला, स्वतःसाठी बोलायलाही येणार नव्हता.

"आक्का, थांब!" त्यानं मूठ उघडली. "तुझा भाऊ खरा होता. हे बघ, आतही चांदीच आहे. माझे कान गेलेत. वर्ष झालं, मी सगळ्यांना फसवतोय."

पारख्यानं कमरेचा स्वतःचा रुपया काढून शेळीवाल्याला दिला. म्हातारीनं दोन्ही तुकडे पदरात बांधले, शेळीची दोरी धरली आणि डोंगराची वाट धरली.

पुढच्या बाजारी दगडापाशी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोक शेजारगावच्या पारख्याकडे जाऊ लागले. म्हातारा तरी येऊन बसायचा. दुसरीकडे जाणार कुठे?

चौथ्या बाजारी ती डोंगरावरची म्हातारी आली. हातात दुधाचा तांब्या होता. दगडाच्या पलीकडे बसली आणि काहीतरी बोलली.

"मोठ्यानं बोल, आक्का."

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. "काही नाही म्हटलं. नुसतीच आलेय. दूध घ्या, निवतंय."

पोरांनो, तात्पर्य एवढंच: एकटं पडू म्हणून खोटं मुठीत धरून बसू नये. खरं बोललं की माणसं कमी होतात, पण एखादं जे उरतं, ते आतूनही चांदीचंच असतं.