बारा कोसांवरची मेथी

महाराज चंद्रकेतूंनी हौसेनं नवा सज्जा बांधला आणि पहिल्याच संध्याकाळी नाकाला शेला लावून आत पळाले. वारा येत होता तो तटाच्या आतल्या भाजीमळ्यांवरून, आणि मळ्यांत नुकतंच खत पडलं होतं.

कोतवालानं तोड काढली. "मळेच बारा कोस लांब हलवू, महाराज." लगेच दवंडी पिटली.

मळेवाल्यांच्या वतीनं राही माळीण दरबारात उभी राहिली. तिच्या आजोबांपासूनचा मळा जात होता. "सरकार, पालक उन्हात दोन कोस चालला की मान टाकतो. बारा कोसांवरून पोचेल ती भाजी नव्हे, चिंधी."

"चिंधी मी खाणार नाही," महाराज म्हणाले.

"मग वास सोसा."

"तोही सोसणार नाही!" महाराज हट्टाला पेटले. "वास जिथून निघतो ते ठिकाण बारा कोस दूर गेलं पाहिजे, आणि ताटात सकाळी खुडलेली मेथी पाहिजे. दसऱ्यापर्यंत मुदत. नाही जमलं, तर मळ्यांवर कारंजी बांधीन."

"वास जिथून निघतो ते ठिकाण. नक्की ना, सरकार?"

"नक्की. ही घे माझी मुद्रा. माणसं, गाड्या, लागेल ते ने."

राहीनं मुद्रा पदराला बांधली. आता भाजीवाली गाड्या जुंपणार, असं साऱ्या बाजाराला वाटलं. तिनं एकही गाडी मागितली नाही. मळ्यातलं खत तेवढं मातीत गाडलं आणि ती राजवाड्याच्या मागच्या अंगाला गेली.

दसरा उजाडला. सज्जात वास नाही, ताटात मेथी अशी की पानावर पाणी चमकतंय. महाराज दोन भाकऱ्या जास्त जेवले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला, मिरवणुकीचा हत्ती आणा."

कोणी हलेना.

"अरे, हत्ती कुठाय?"

"बारा कोसांवर," राही म्हणाली. "सगळे बावीस. सोबत माहूत."

"कोणी नेले?"

"आपल्या मुद्रेनं. वासाचा माग काढला, सरकार. मळ्यातून खताच्या ढिगाकडे, ढिगाकडून हत्तीखान्याकडे. त्यापुढे वाटच नव्हती."

कोतवाल ओरडला, "ही थट्टा आहे!"

"थट्टा कसली, कोतवालसाहेब? हत्तीखान्याचं शेण रोज आम्हीच उचलतो. मळे हलवले असते, तर आठ दिवसांत हत्ती दिसले नसते, नुसते ढीग दिसले असते."

महाराजांनी डोळे बारीक केले. "आणि आता हत्ती परत आणले तर?"

"तर वासही येईल. तो मळ्यात पाठवलात तर महिन्याभरानं मेथी होऊन ताटात येतो. वाड्यात ठेवलात तर वासच राहतो."

महाराज असे हसले की मिरवणुकीचा तुरा खाली पडला. तटाच्या आतले मळे त्यांनी तिथल्या तिथे ताम्रपटावर माळ्यांच्या नावे करून दिले. राहीला सोन्याचं कडं मिळालं, वर हत्तीखान्याच्या शेणावर पहिला हक्क.

बावीस हत्ती आणायला कोतवालाला धाडलं. पायी.