मुजावर मॅडमचा तिसरा प्रस्ताव

प्राध्यापिका शमीम मुजावर मानसशास्त्र शिकवत. अल्पसंख्याकांना रोजच्या साध्या बोलण्यातून जाणवणारा भेदभाव, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. दोनदा नाकारलेला प्रस्ताव घेऊन त्या तिसऱ्यांदा विद्यापीठाच्या समितीसमोर उभ्या राहिल्या. आता नकार मिळाला, तर विषयच बंद होणार होता.

त्यांचं बोलून झाल्यावर अध्यक्ष रांगणेकर खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, शिवीगाळ नाही, मारहाण नाही, मग भेदभाव कसला? आमच्याकडे तरी असलं काही नाही." मग त्यांनी मोठ्या मनाने कौतुकही केलं, "बाकी मराठी फार सुरेख बोलता हो तुम्ही! कुठे शिकलात?"

"तासगावात, आईकडून," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "सर, माझ्याआधी आपटे सर त्यांचा प्रस्ताव मांडून गेले. तेही सुरेख मराठीत बोलले. त्यांना विचारलंत का, कुठे शिकलात म्हणून?"

"त्यांना कशाला विचारू?" रांगणेकर हसले.

"त्या ‘कशाला’चंच उत्तर मला शोधायचं आहे, सर."

रांगणेकरांचं हसू ओसरलं. बाकीचे सदस्य कागदांत डोकं घालून बसले. अध्यक्षांनी प्रस्ताव पुढे ओढला आणि त्यावर मंजुरीची सही केली.