वरचं लोखंड, आतलं तांबं

पाडलेल्या कारखान्याच्या ढिगाऱ्यात महिनाभर खपून सगुणाबाईने लोखंडी पत्रा गुंडाळलेली वायर जमवली आणि भंगारवाल्या दामूशेठच्या काट्यावर ठेवली. आत अस्सल तांबं!

“लोखंडाचा भाव देईन,” शेठ गुरगुरला. “माझा काटा वरचं बघतो, आतलं मोजत नाही.”

“रांगेतल्या चार माणसांदेखत बोललात हं!” सगुणाबाईचे डोळे चमकले. तिने पक्कड घेतली, पत्र्याची गुंडाळी उलटी पिळून सैल केली आणि तांब्याची तार सर्रकन बाहेर ओढली. एकेक करत सगळ्या तारा तिच्या खांद्यावर!

“अगं ए, तांबं कुठं नेतेस?” शेठ किंचाळला.

“तुमचा काटा मोजत नाही, तेवढंच नेते. लोखंड काट्यावरच आहे, शेठ. करा वजन!”