पाच फुटांची सुतळी

“मग बाबा, आता तरी अनुग्रह देणार ना?”

नरहरराव बिडकरांनी विचारलं आणि उत्तराची वाटही न पाहता खिशातून सुतळीचं भेंडोळं काढलं.

निरंजनबाबा मठातल्या दगडी कासवापाशी बसून झेंडूचे देठ खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अनुग्रहासाठी नरहरराव तीन वर्षं मठात खेटे घालत होते. नोकरीभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. आता निवृत्तीनंतर देवाच्या दारातही आपली हद्द कायम करून घ्यावी, असा त्यांचा बेत.

मागच्या महिन्यात बाबा त्यांच्याकडे भिक्षेला आले, तेव्हा त्यांना घरातलं कासव दिसलं. हातभर लांबीच्या काचेच्या पेटीत ते अकरा वर्षं होतं. चार पावलं टाकायचं, काचेला थडकायचं, वळायचं. बाबांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. म्हणाले, “आधी याला जागा द्या. मग अनुग्रहाचं बोलू.”

नरहररावांना हसूच आलं होतं. एवढंच ना!

आता त्यांनी सुतळी फरशीवर ताणून धरली.

“ही बघा लांबी. पाच फूट! एवढी काचेची पेटी घ्यायची म्हणजे डोळे पांढरे व्हायचे. मी भंगारवाल्याकडून फायबरची पाण्याची टाकी आणली, आडवी कापून घेतली, कडा घासल्या. आत विटांचा उतार केला, म्हणजे त्याला पाण्याबाहेर येऊन बसता येतं. वर उबेला दिवा टांगला. स्वस्तात काम झालं आणि जागा ऐसपैस.”

“चांगलं केलंत,” बाबा म्हणाले. “ठेवलीत कुठे?”

“आतल्या खोलीत. सकाळचं ऊन तिथेच येतं.”

“ती तर आक्कांची खोली.”

आक्का म्हणजे नरहररावांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि त्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढे भावाच्या संसारात वीस वर्षं ती स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला अंथरूण घालून झोपली. नरहररावांच्या मुलाने परगावी बिऱ्हाड केलं, तेव्हा कुठे त्याची खोली तिला मिळाली होती.

“तिची सोय जिन्याखाली केलीय,” नरहरराव म्हणाले. “ती काही बोलली नाही. आणि खरं सांगू का, तिला जागा लागतच नाही. एवढी खोली होती, तरी दाराजवळच्या कोपऱ्यात मुटकुळं करून पडायची.”

बाबांचे हात थांबले...

“जिन्याखाली लांबी किती?”

जन्मभर इंचाइंचाने मोजणाऱ्या माणसाने ती जागा मोजलीच नव्हती.

“अंदाजे दाखवा,” बाबांनी सुतळीकडे बोट केलं.

नरहरराव सुतळीशी उकिडवे बसले. तिथे ट्रंक आहे, हे आठवून त्यांनी सुतळी वीतभर दुमडली. मग गॅसचं सिलिंडर आठवलं. आणखी वीतभर.

उरली ती साडेतीन फूट.

त्यांना संताप आला. बाबांचा आला आणि त्याहून जास्त आक्काचा आला. तिने एकदा तरी ‘नको’ म्हणायला काय हरकत होती?

त्यांनी घाईघाईने सुतळी गुंडाळून खिशात कोंबली.

“ते जाऊ द्या, बाबा. कासवाचंच एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“पाच फुटांची जागा दिली, तरी ते हातभरच जातं आणि वळतं. समोर काच नाही, काही नाही. तिथूनच माघारी फिरतं. आज पंधरा दिवस झाले... आता सगळी जागा आपली आहे, हे त्याला कळायला आणखी किती दिवस लागतील?”

बाबांनी मांडीवरची फुलं दगडी कासवाच्या पाठीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

“आक्कांना विचारा,” ते म्हणाले. “त्यांना ठाऊक असेल.”