कलमाची पट्टी

"माझ्याच काड्या का मरतात, बाई?"

हेमांगी दारातूनच बोलली. चपलाही काढल्या नाहीत.

रेडकरबाई पडवीत आंब्याच्या रोपांच्या पिशव्या चाचपत बसल्या होत्या. उभी हयात कृषी महाविद्यालयात फळबाग शिकवली, निवृत्त झाल्यावर गावी रोपवाटिका घातली. त्यांची रीत कडक. हाताखालच्या पोरांनी कलमं बांधायची. ज्याची जगली, त्याच्यासाठी फळसंशोधन केंद्रात बाई शब्द टाकणार.

हेमांगीला ती नोकरी हवी होती. दुसरा रस्ताच उरला नव्हता म्हणा ना. पदवीला पहिली आलेली पोर. पुढं मृदाशास्त्राला गेली. तिथले सर भलत्यालाच पुढं काढतात असं वाटलं, उठून आली. मग वनशास्त्र. तिथं पेपर तपासणाऱ्यांवर संशय. आता इथंही जमलं नाही तर वडील तिला बँकेच्या परीक्षेला बसवणार होते.

आणि इथं तर पहिल्या दिवसापासून तिला काळंबेरं असल्याचा वास येत होता. मागल्या साली बाईंनी ज्याला नोकरीला लावलं, तो त्यांच्या नात्यातला. शेजारच्या वाफ्यात बरोबर शिकणाऱ्या मुश्ताकची कलमं तरारलेली, हिची काळी पडलेली. माती तीच, पाणी तेच. मग आपल्याला मेलेल्याच काड्या दिल्या असणार.

हे सगळं तिनं बाईंच्या तोंडावर सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यानं तर तिचा संशय आणखीच पक्का झाला.

"झाड तू निवड," बाई म्हणाल्या. "काडीही तूच तोड."

तिनं बाग पालथी घालून काडी आणली. बाईंनी तिच्यासमोर रोपाचा शेंडा छाटला, चीर दिली, काडी पाचरीसारखी तासून आत बसवली. सांधा जुळेपर्यंत हलू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारली.

"घरी ने. तुझ्या डोळ्यांसमोर ठेव. मग तर झालं?"

श्रावण सरता सरता हेमांगी परत आली. पिशवी बाईंच्या पुढ्यात ठेवली. काडी काळी ठिक्कर.

"हे तुमच्या हातचं," ती म्हणाली. वाईट वाटत होतं की बरं, तिचं तिलाच कळेना.

बाईंनी चष्मा लावला. पिशवी फिरवली. पट्टीवरून बोट नेलं… थांबवलं.

"ही गाठ माझी नाही."

…

हेमांगी पायरीवर बसली.

"एकदाच सोडली होती," ती म्हणाली. "जीव धरलाय का, तेवढंच बघायला."

"आणि वाफ्यातली?"

तिची मान खाली गेली.

"ह्यानं… धरला होता का, बाई?"

"धरत होता."

…

आता शब्द टाकायचा प्रश्नच उरला नाही, हे तिला कळलं होतं. ती उठली.

बाईंनी एक रोप ओढून तिच्यापुढं सरकवलं. चाकू तिच्या हातात दिला.

"बांध. घ्यायचा तेवढा संशय माझ्यावर घे गो. पट्टीला हात लावू नकोस."